वारसा आणि वाटणी
(महाजनांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



देवस्थानाच्या सभामंडपात सामान्यतः देवतेचा इतिहास, संतांची चरित्रे किंवा धर्मशास्त्र यांविषयी बोलले जाते. समितीने मला मात्र आनुवंशिकतेचे शास्त्र हा विषय नेमून दिला. प्रथमदर्शनी तो या स्थळी परका वाटेल. परंतु थोडा विचार केला, तर महाजनांच्या सभेइतकी योग्य सभा या विषयाला दुसरी मिळणार नाही, असे आढळून येईल. महाजन ही संस्थाच मुळी वारशावर उभी आहे. कोण कोणाचा पुत्र, कोणत्या गावचा, कोणत्या वांगडाचा, कोणत्या गोत्राचा, याची नोंद आपल्या पूर्वजांनी जिवापाड जपली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या जाचामुळे केळशी, कुशस्थळी, वेर्णे येथील देव नदी ओलांडून अंत्रुज महालात आले. कुळे कारवार, मंगळूर, बेळगाव आणि थेट कोचीपर्यंत विखुरली. घरेदारे मागे राहिली, पण कुळ, गोत्र आणि कुलदेवता ही तीन नावे मात्र ती बरोबर घेऊन गेली.

या नोंदीखेरीज आणखी एक नोंद प्रत्येक कुटुंबात अखंड चालू असते. ती कोणी कारकून लिहीत नाही आणि कोणत्याही कपाटात ती ठेवलेली नसते. ती आपल्या शरीराच्या पेशीपेशीत असते. पहिल्या नोंदीत बहुधा पित्याकडून पुत्राकडे असा एकच ओघ दाखविलेला असतो. दुसऱ्या नोंदीत माता आणि पिता यांचा वाटा जवळजवळ समसमान असतो, आणि कन्या व पुत्र हे दोघेही सारखेच वारसदार असतात. आनुवंशिक रोग पहिली नोंद पाहून चालत नाहीत. ते दुसरी नोंद पाहून चालतात. मला आज सांगावयाचे आहे ते एवढेच. ही दुसरी नोंद कशी चालते आणि विवाह जुळविताना तिच्याकडे का पाहावे, याचा आता क्रमाने विचार करू.

मठातील वाटाणे

या शास्त्राचा पाया एका मठात घातला गेला, ही गोष्ट देवस्थानाच्या सभेत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ग्रेगोर मेंडेल हा १८२२ मध्ये एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला मुलगा. १८४३ मध्ये तो ब्रुनो नगरातील ऑगस्टिनियन पंथाच्या मठात दाखल झाला. हे नगर त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. मठाच्या बागेत त्याने सुमारे आठ वर्षे वाटाण्याच्या हजारो रोपांवर प्रयोग केले आणि १८६५ मध्ये तेथील निसर्गविज्ञान मंडळापुढे दोन व्याख्यानांत त्यांचा वृत्तांत सादर केला. पुढील वर्षी तो छापून आला. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८६८ मध्ये तो मठाधिपती झाला आणि १८८४ मध्ये निधन पावला. त्याच्या कार्याचे मोल जगाला कळले ते १९०० मध्ये, जेव्हा तीन निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञ स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षांवर येऊन पोचले.

मेंडेलपूर्वी लोकांची समजूत अशी होती की, दूध आणि पाणी मिसळावे तसे आईबापांचे गुण अपत्यात मिसळतात. मेंडेलने गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशीच झाली. पण त्या दाण्यांपासून वाढलेल्या रोपांत जेव्हा स्वपरागण होऊ दिले, तेव्हा पुढल्या पिढीच्या ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले मिळाले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. जो गुण नाहीसा झाला असे वाटले होते, तो नष्ट झाला नव्हता. एका पिढीत झाकला गेला होता, एवढेच.

यावरून मेंडेलने ताडले की, प्रत्येक गुणाचे दोन घटक जिवात असतात. एक मातेकडून आलेला, एक पित्याकडून आलेला. दोन्ही भिन्न असतील तर एक प्रकट होतो. त्याला आपण प्रभावी म्हणतो. दुसरा दबून राहतो, तो अप्रभावी. संततीकडे जाताना या दोहोंपैकी कोणता तरी एकच जातो. या घटकांनाच आज आपण जनुके म्हणतो.

याच प्रयोगातील आणखी एक आकडा पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा. दुसऱ्या पिढीतील गोल दाण्यांपासून मेंडेलने ५६५ रोपे वाढविली. त्यांपैकी १९३ रोपांना केवळ गोल दाणे आले. उरलेल्या ३७२ रोपांना मात्र गोल आणि सुरकुतलेले असे दोन्ही प्रकारचे दाणे आले. म्हणजे वरून सारख्याच दिसणाऱ्या तीन गोल दाण्यांपैकी सुमारे दोन दाणे सुरकुतीचे बीज पोटात बाळगून होते. अशांना वाहक म्हणतात. वाहक दिसावयास निरोगी असतो. त्याला स्वतःलाही त्याची जाणीव नसते.

तेवीस आणि तेवीस

हे घटक राहतात कोठे? पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे नावाचे सूक्ष्म धागे असतात, त्यांवर ते ओळीने बसलेले असतात. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रे ४६, म्हणजे तेवीस जोड्या. ही संख्या नक्की झाली ती फार उशिरा, १९५६ मध्ये. तोवर शास्त्रज्ञ ती ४८ समजत असत.

या जोड्या समजण्यासाठी पोथीची उपमा घेऊ. प्रत्येकाच्या पेशीत तेवीस अध्यायांच्या दोन पोथ्या आहेत. एक मातेकडून आलेली, दुसरी पित्याकडून. अध्याय तेच, क्रम तोच. फक्त कोठे कोठे पाठभेद आहेत. शरीर वाढते, जखम भरून येते, तेव्हा पेशी दोन्ही पोथ्यांची जशीच्या तशी नक्कल करून एकाच्या दोन होतात. या साध्या विभाजनास सूत्री विभाजन म्हणतात.

पण अपत्याला जन्म देणाऱ्या बीजपेशींची गोष्ट वेगळी आहे. मातेच्या आणि पित्याच्या बीजपेशींत प्रत्येकी ४६ गुणसूत्रे असती, तर अपत्यात ९२, नातवंडात १८४, पणतवंडात ३६८ झाली असती, आणि सृष्टीचा क्रम केव्हाच मोडला असता. म्हणून बीजपेशी तयार होताना निसर्ग संख्या निम्मी करतो. या क्रियेस अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. इंग्रजीतील मायोसिस हा शब्द ग्रीक भाषेतून घेतला असून त्याचा अर्थ कमी होणे असाच आहे.

ही निम्मे करण्याची रीत विलक्षण काटेकोर आहे. प्रथम प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार होते. मग मातेकडून आलेला पहिला अध्याय पित्याकडून आलेल्या पहिल्या अध्यायाला शोधून त्याच्या शेजारी येऊन बसतो. दुसरा दुसऱ्याजवळ, याप्रमाणे तेविसाच्या तेवीस. दोघे असे अंगास अंग लावून बसलेले असताना त्यांच्यातील काही पानांची अदलाबदल होते. मातेच्या अध्यायातील काही पाने पित्याच्या अध्यायात आणि पित्याची मातेच्या अध्यायात जातात. त्यानंतर जोड्या विलग होतात. प्रत्येक जोडीतील एक इकडे, एक तिकडे. पुढे दुसऱ्या विभाजनात नकलाही वेगळ्या होतात, आणि मूळच्या एका पेशीपासून तेवीस-तेवीस गुणसूत्रांचे चार वाटे पडतात.

जमिनीची वाटणी आपण सर्वांनी पाहिली आहे. तीत थोरला-धाकटा, मुलगा-मुलगी, असा भेद पुष्कळदा होत आला आहे. या वाटणीत तसा भेद नाही. प्रत्येक वाट्यात प्रत्येक अध्याय एकदा असतो. तो आजोबांकडचा की आजीकडचा, हे मात्र प्रत्येक जोडीपुरते दैवावर सोडलेले असते. एका जोडीला दोन पर्याय, तर तेवीस जोड्यांना ८३,८८,६०८ पर्याय. दोन्ही बाजूंच्या बीजपेशी एकत्र आल्या, म्हणजे एका दांपत्याच्या संततीचे सत्तर लक्ष कोटींहून अधिक प्रकार संभवतात. आणि यात पानांची अदलाबदल धरलेलीच नाही. एकाच आईबापांची चार मुले चार तऱ्हांची का होतात, याचे उत्तर येथे आहे.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. पित्याचा वाटा अर्धा, मातेचा अर्धा; परंतु आजोबांचा वाटा पाव, हे केवळ सरासरीने खरे आहे. एखाद्या नातवंडात आजोबांचा अंश अधिक आणि आजीचा कमी असू शकतो. दहा पिढ्या मागे गेले तर हिशेबाने आपल्याला १,०२४ पूर्वज असतात. पण त्यांपैकी कित्येकांचा एकही तुकडा आपल्या पेशींत उरलेला नसतो. ते आपले पूर्वज नव्हेत असे मात्र नाही. श्राद्धातील नाव आणि पेशीतील अंश हे दोन वेगळे हिशेब आहेत, इतकेच.

आजीच्या उदरातील बीज

पुरुषात ही वाटणी वयात आल्यावर सुरू होते आणि पुढे वृद्धपणापर्यंत चालू राहते. एका फेऱ्याला सुमारे अडीच महिने लागतात. स्त्रीची गोष्ट अगदी निराळी आहे. मुलगी आईच्या गर्भात असतानाच तिच्या अंडाशयात बीजपेशी तयार होऊ लागतात. गर्भाच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास त्यांची संख्या साठ ते सत्तर लाख असते. जन्माच्या वेळी ती दहा ते वीस लाखांवर येते. त्या पेशींत गुणसूत्रांच्या जोड्या जमलेल्या असतात, पानांची अदलाबदल झालेली असते, आणि तेथेच ती क्रिया थांबते. मग वयात आल्यावर दर महिन्याला सामान्यतः एक बीज पुढे सरकते आणि वाटणी पुरी करू लागते.

याचा अर्थ असा की, येथे बसलेल्या प्रत्येकाचे मातेकडील बीज त्याच्या आजीच्या उदरात असताना घडू लागले होते. आईच्या आईला आपल्या वंशावळींत बहुधा नाव नसते. परंतु आपल्या अस्तित्वाची पहिली तयारी तिच्याच आश्रयाने झालेली असते.

इतकी दीर्घ प्रतीक्षा केल्यावर केव्हा केव्हा एखादी जोडी विलग होत नाही. दोन्ही गुणसूत्रे एकाच वाट्यात जातात आणि अपत्यात एक गुणसूत्र अधिक येते. एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र असे तिसरे आले, म्हणजे डाऊन लक्षणसमूह होतो. हे कारण १९५९ मध्ये उजेडात आले. मातेचे वय पंचविशीत असता साधारण बाराशे प्रसूतींत एक, पस्तिसाव्या वर्षी साधारण साडेतीनशेत एक आणि चाळिसाव्या वर्षी साधारण शंभरात एक असे याचे प्रमाण आढळते. ही चूक क्वचित पित्याच्या बीजातही होते. यात कोणाचे पाप नाही, ग्रहण पाहिल्याचा दोष नाही आणि कोणाची दृष्ट लागलेली नाही. अशा मुलाच्या मातेला बोल लावणारे कुटुंब अज्ञान तर प्रकट करतेच, पण अन्यायही करते.

मुलगा की मुलगी

तेविसावी जोडी स्त्री आणि पुरुष यांत वेगळी असते. स्त्रीमध्ये दोन 'क्ष' गुणसूत्रे. पुरुषामध्ये एक 'क्ष' आणि एक 'य'. इंग्रजीत यांनाच एक्स आणि वाय म्हणतात. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या विदुषीने पिठातील किड्यांच्या पेशी तपासून नर-मादीचा भेद या जोडीवर ठरतो, हे दाखवून दिले. मातेच्या प्रत्येक बीजात 'क्ष'च असते, कारण तिच्याजवळ देण्यास दुसरे काही नाही. पित्याच्या बीजांपैकी निम्म्यांत 'क्ष' आणि निम्म्यांत 'य'. 'क्ष' मिळाले तर कन्या, 'य' मिळाले तर पुत्र.

तात्पर्य, कन्या की पुत्र हे पित्याकडून येणाऱ्या बीजावर ठरते, आणि कोणते बीज पुढे जाईल हे पित्याच्याही हाती नसते. असे असताना केवळ मुलीच झाल्या म्हणून सुनेचा छळ झालेली घरे आपल्या सर्वांच्या माहितीत आहेत. देवाला नवस बोलणाऱ्या त्या सुनांना त्यांच्या सासऱ्यांनी आणि सासवांनी हे एकच वाक्य ऐकवले असते, तरी किती अश्रू वाचले असते! गर्भाचे लिंग तपासून घेण्यास १९९४ च्या कायद्याने मनाई आहे. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा हे साधे ज्ञान घरोघरी पोचणे अधिक मोलाचे आहे.

गोत्र काय सांगते आणि काय सांगत नाही

आता आपल्या अधिक जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे वळू. 'य' गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे बहुतांशी अबाधित जाते. गोत्रही तसेच जाते. म्हणून अलीकडे काही जण गोत्र म्हणजेच 'य' गुणसूत्र असे उत्साहाने सांगतात. या म्हणण्यात थोडे तथ्य असले, तरी त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. एकतर दत्तक पुत्र गोत्र बदलतो, गुणसूत्रे बदलत नाही. विवाहानंतर वधूचे गोत्र बदलते, तिच्या पेशी जशा होत्या तशाच राहतात. कुळ केवळ बीजाने चालत नाही, संस्काराने आणि स्वीकाराने चालते, हे आपल्या धर्मशास्त्राने दत्तकविधानात फार पूर्वीच मान्य केले आहे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. 'य' हे सर्व गुणसूत्रांत लहानांपैकी एक. आपल्या एकंदर जनुकद्रव्याचा तो जेमतेम पन्नासावा भाग. बाकीची बावीस जोड्यांची पोथी मुलगा-मुलगी न पाहता दोघांनाही मिळते आणि दोघांकडूनही पुढे जाते. 'क्ष' गुणसूत्र तर कन्येलाही मिळते आणि पुत्रालाही, आणि पुत्राला ते केवळ मातेकडूनच मिळते. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांतील जनुकेही मातेकडूनच येतात. रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया हा रोग म्हणूनच आईकडून मुलाकडे येतो. आई निरोगी वाहक, मुलगा रोगी. अशा घरात गोत्र पाहून काही उलगडा होणार नाही. मामांची चौकशी केली तर होईल.

आपल्या स्मृतिकारांनी गोत्राबरोबरच सपिंडाचा विचार केला आणि पित्याकडील सात व मातेकडील पाच पिढ्या वर्ज्य सांगितल्या. म्हणजे मातृपक्षाचा विचार त्यांनी सोडला नव्हता. परंतु दक्षिणेत आणि महाराष्ट्रातील अनेक ज्ञातींत मामाच्या मुलीशी विवाह रूढीने संमत ठरला. गोत्रे भिन्न, म्हणून हरकत नाही असे मानले गेले. जनुकांचा हिशेब येथे वेगळे सांगतो. मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा यांचे एक आजोबा आणि एक आजी समान असतात, आणि त्यांच्या जनुकांपैकी सरासरी आठवा हिस्सा एकाच उगमाचा असतो. एकाजवळ एखादे दोषयुक्त अप्रभावी जनुक असेल, तर तेच दुसऱ्याजवळही असण्याची शक्यता निदान आठात एक होते.

जेथे नातेसंबंध उघड नाही, तेथेही हा विचार संपत नाही. मूठभर कुळे शतकानुशतके आपापसांतच सोयरीक करीत आली, की एखाद्या जुन्या पूर्वजातील जनुक दोन भिन्न गोत्रांच्या घरांत निरनिराळ्या वाटांनी पोचलेले असू शकते. लेकी ज्या घरांत गेल्या, त्या घरांत ते गेले. वंशावळीत त्या लेकींची नावे नाहीत, म्हणून ती वाट आपल्याला दिसत नाही.

न दिसणारा वाहक

याचे ठळक उदाहरण म्हणजे थॅलॅसेमिया. तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन तयार करण्यास लागणारे एक जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्यात दोष असलेली एकच प्रत ज्याच्याजवळ आहे, तो वाहक. तो चालतो, फिरतो, शेतात राबतो, परीक्षा देतो. फार तर रक्त थोडे कमी भरते आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढत नाही. ज्याच्या दोन्ही प्रती सदोष आहेत, ते बालक मात्र जन्मतः ठीक दिसते आणि साधारण सहा महिने ते दोन वर्षे या काळात फिकट पडू लागते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला रक्त द्यावे लागते, आणि ते आयुष्यभर. रक्ताबरोबर शरीरात साठणारे लोह बाहेर काढण्यासाठी औषधे घ्यावी लागतात, नाहीतर हृदय आणि यकृत निकामी होतात. अस्थिमज्जेच्या रोपणाने रोग बरा होऊ शकतो. पण जुळणारा दाता आणि मोठा खर्च या दोन्ही गोष्टी जमून याव्या लागतात.

आता मेंडेलचे वाटाणे आठवावेत. पति-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत चारांत एक शक्यता बालक रोगी होण्याची, चारांत दोन वाहक होण्याची आणि चारांत एक पूर्ण मुक्त असण्याची. हे प्रमाण प्रत्येक वेळी नव्याने लागू होते. पहिले मूल रोगी झाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा याचा अर्थ नव्हे. रोगी बालकाच्या निरोगी भावंडांपैकी तिनांत दोन वाहक असण्याचा संभव असतो, तो मेंडेलच्या गोल दाण्यांच्या हिशेबानेच.

भारतात सरासरीने शंभरांत तीन ते चार व्यक्ती या रोगाच्या वाहक आहेत असा अंदाज आहे; प्रमाण प्रांतोप्रांती आणि ज्ञातिज्ञातींत बदलते, काही समाजांत ते याहून पुष्कळ अधिक आहे. ज्या समाजात शंभरांत चार वाहक आहेत, तेथे सहज जुळलेल्या सव्वासहाशे विवाहांपैकी एकात दोघेही वाहक असतील. वराला आपण वाहक असल्याचे ठाऊक नाही आणि वधू त्याच्या मामाची मुलगी आहे, असे असेल तर धोका कैक पटींनी वाढतो, हे वेगळे सांगावयास नको.

या दुःखाचे वैशिष्ट्य असे की, ते टाळता येते. वाहक ओळखण्यासाठी रक्ताची साधी तपासणी पुरते. प्रथम रक्तपेशींचा आकार पाहतात; मग हिमोग्लोबिन ए-दोन या घटकाचे प्रमाण मोजतात. ते साधारण साडेतीन टक्क्यांहून अधिक आढळले, तर व्यक्ती वाहक समजतात. शरीरात लोह कमी असल्यास हा आकडा खाली येऊन फसवू शकतो, म्हणून अहवाल वैद्यांनीच वाचावा. रक्तगट पाहणे म्हणजे ही तपासणी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. ही तपासणी जन्मात एकदाच करावी लागते.

वाहक निघाला म्हणजे विवाह होणार नाही, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. एकच जण वाहक असेल, तर त्यांच्या अपत्यांपैकी कोणालाही हा रोग होणार नाही. काही वाहक निघतील, इतकेच. प्रश्न येतो तो दोघेही वाहक असल्यास. तेव्हाही त्यांनी विचारपूर्वक विवाह केला, तर गर्भ दहा ते बारा आठवड्यांचा असताना तपासणी करून घेता येते. पुढचा निर्णय कायद्याच्या मर्यादेत त्या दांपत्यानेच घ्यावयाचा असतो.

देवस्थानाने काय करावे

या बाबतीत एका धर्मसंस्थेने घालून दिलेला धडा आपल्यापुढे आहे. भूमध्य समुद्रातील सायप्रस या बेटावर दर सहा-सात माणसांत एक थॅलॅसेमियाचा वाहक होता. रोगी मुलांची संख्या वाढत जाऊन सर्व बेटाचे रक्त पुरणार नाही, अशी वेळ आली होती. १९७० नंतरच्या दशकात तेथे तपासणीची मोहीम सुरू झाली, आणि १९८३ पासून तेथील ऑर्थोडॉक्स चर्चने विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागण्यास सुरुवात केली. धर्मगुरू दाखल्यावरचा निकाल विचारीत नसत. तपासणी झाली आहे एवढेच पाहत. विवाह करावा की न करावा, हे वधूवरांवर सोपविलेले होते, आणि बहुतेक जोडप्यांनी विवाह केलाही. तरी थोड्याच वर्षांत नव्याने जन्मणाऱ्या रोगी बालकांची संख्या जवळजवळ शून्यावर आली.

आपण सक्ती करावी असे मी म्हणणार नाही. पण आपल्या जत्रेला चहूकडून कुटुंबे येतात, तरुण मुले-मुली येतात. त्या वेळी एखाद्या मान्यताप्राप्त रुग्णालयाच्या साहाय्याने समितीने सज्ञान मुलामुलींसाठी ऐच्छिक तपासणीची व्यवस्था करावी. निकाल ज्याचा त्याच्या हाती बंद पाकिटात जावा. समितीच्या दप्तरात त्याची नोंद राहू नये आणि त्याची कुजबूजही होऊ नये. ही तपासणी वाङ्निश्चयानंतर करण्यात अर्थ नाही. स्थळे पाहण्यास आरंभ होण्यापूर्वीच ती झालेली बरी. पत्रिका जुळविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पत्रिकेबरोबर हेही विचारावे. त्यात कमीपणा नाही, जबाबदारी आहे.

दुसरी विनंती घरोघरच्या वंशावळींविषयी. देवस्थानाची नोंद तिच्या नियमांनी चालेल. तिच्यात बदल करण्याचा विषय माझा नाही. पण घरातील वंशावळ आपल्या हातची आहे. तीत लेकींची नावे लिहा, त्या कोणत्या घरी गेल्या ते लिहा, सुनांची माहेरची कुळे लिहा. कोणी लहानपणी दगावले असेल, कोणाला वारंवार रक्त द्यावे लागले असेल, तर तेही लपवू नका. निदान घरापुरते लिहून ठेवा. पुढच्या पिढीच्या वैद्याला त्या चार ओळींनी जे कळेल, ते इतर कशानेही कळणार नाही.

जनुके सर्व काही ठरवीत नाहीत, हेही अखेरीस सांगितले पाहिजे. उंची, वर्ण, बुद्धी यांमागे शेकडो जनुके आणि त्यांच्या जोडीला आहार, शिक्षण व संगत असते. म्हणून वधूचा रंग पाहून वंश सुधारण्याच्या गोष्टी व्यर्थ आहेत. भाषा, कीर्तनाचा सूर, देवाची सेवा, शब्दाला जागण्याची रीत यांपैकी काहीही गुणसूत्रांवर लिहिलेले नाही. ते आपल्यालाच मुलांच्या हाती द्यावे लागते. जे निसर्ग देतो ते समान वाटून देतो. जे आपण द्यावयाचे, ते तरी लेकी-लेक असा भेद न करता द्यावे.

 ग्रामदेवता आणि कुलदेवता आपल्या सर्व कुटुंबांस, लेकींस आणि सुनांस, आरोग्य देवोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.